बाबुरावांच्या पायाची नाडी

मैत्री ओव्हाळला भ्यायला निमित्त शोधावं लागत नसे. निमित्तंच तिचा पत्ता विचारत यायची. आणि वडील बिबवेवाडीत पोस्टमन असल्यामुळे तो पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. लहानपणी ती कुकरच्या शिट्टीला भ्यायची, शाळेत हजेरीला भ्यायची. दहावीच्या निकालाला तर इतकी भ्याली की पास झाल्याचं कळल्यावरही दुपारपर्यंत रडत बसली होती. अशी मुलगी नर्स व्हायला निघाली तेव्हा तिची आई, म्हणजे प्रेमला, म्हणाली, "अगं, पेशंटनं तुला धीर द्यायचा की तू पेशंटला?" पण भरलेला अर्ज मागे घ्यायचीही मैत्रीला भीती वाटली, म्हणून ती नर्सिंगला गेली.

कॉलेज लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर. दुसऱ्या वर्षाला माणूस डोक्यापासून पायापर्यंत तपासायला शिकवतात. आधी नुसतं डोळ्यांनी पाहायचं, मग हाताने चाचपायचं, मग बोटाने ठोकून आवाज ऐकायचा आणि शेवटी स्टेथोस्कोप लावायचा. फक्त पोटाच्या वेळी ऐकायचं आधी आणि हात लावायचा मागून, कारण हात लागला की पोट उगाच बडबडायला लागतं, असं वासंती आगाशे मॅडम सांगत.

या मॅडम जन्मानं, वळणानं आणि जिभेनं सदाशिव पेठेतल्या. आवाज कधी चढायचा नाही. चढवायची गरजच पडायची नाही. निकिता नावाची मैत्रीची मैत्रीण पहिल्यांदा छाती ठोकून बघत होती, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "निकिताताई, ही छाती आहे, दार नाही. आतून कोणी उघडणार नाहीये. हळू." पोरी हसल्या. मैत्री मात्र पुढचा नंबर आपला म्हणून घामानं ओली झाली होती.

सराव आधी बाबुरावांवर व्हायचा. बाबुराव म्हणजे लॅबमधला प्लास्टिकचा पूर्ण उंचीचा पुतळा. हे नाव कुठल्याशा जुन्या बॅचनं ठेवलेलं. पण मॅडमनी ते मनावर घेतलं होतं आणि नियमच करून टाकला होता: बाबुरावांशी बोलल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. पडदा ओढायचा, आपलं नाव सांगायचं, हात चोळून गरम करायचे आणि विचारायचं, "बाबुराव, मी तुमचा पाय बघू का?" कोणी विसरलं की मॅडम बाबुरावांकडे वळून म्हणायच्या, "माफ करा हं, आजकालच्या मुली." एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी प्लास्टिकच्या माणसाशी अदबीनं बोलतात हे दृश्य बाहेरच्याला वेडेपणाचं वाटलं असतं. पण त्या वेडेपणाची सवय लागली की खऱ्या माणसाच्या अंगाला नुसता कसाही हात लावला जात नाही.

आता या भित्र्या मुलीत एक गुण निघाला, आणि त्यानंच पुढचा सगळा घोळ घातला. पायाची नाडी सापडायला फार अवघड असते. पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या रेषेत थोडं वर सरकून बोटं ठेवायची. मनगटासारखी ती पटकन हाताला येत नाही. अख्खा वर्ग एकमेकींची पावलं मांडीवर घेऊन हताश बसायचा. मैत्रीनं मात्र बोटं टेकवली की नाडी हजर! निकिताची, हॉस्टेलच्या मुलींची, वॉर्डातल्या आजींची, कोणाचीही. पोरींनी तिचं नाव 'पायवाली' ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीतरी गोष्ट तिला इतरांपेक्षा चांगली येत होती आणि त्या आनंदात ती भ्यायचीही विसरायची. म्हणजे तसं तिला वाटायचं.

घरी रविवारी तिचे हक्काचे पेशंट म्हणजे वडील. दशरथ ओव्हाळ सकाळी विहारातून वंदना करून आले की दिवाणावर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "या सिस्टर, करा सुरुवात." त्यांना बारा-तेरा वर्षांपासून शुगर होती आणि विडीची सवय नातेवाइकांच्या शपथा खाऊन खाऊन आत्ताच कुठे सुटली होती. लेक डोळे बघायची, नखं बघायची, छाती ठोकायची. शेवटी पाय. पायावर बोटं ठेवल्याबरोबर तिचा चेहरा फुलायचा. "पप्पा, एकदम मस्त लागतेय. घोड्यासारखी पळतेय!" दशरथराव हे सोमवारी पोस्टात सगळ्यांना सांगायचे.

दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या पोटरीत गोळे यायला लागले. बिबवेवाडीच्या अप्पर भागात घर, म्हणजे घरी यायचं तर चढ आलाच. प्रेमला म्हणाली, "अहो, एकदा दवाखान्यात दाखवून घेऊ. शुगरवाल्यांनी पायाकडे दुर्लक्ष करू नये, टीव्हीवर सांगतात."

"टीव्हीवाल्यांनी माझा पाय बघितलाय का?" दशरथराव म्हणाले. "पोरगी दर रविवारी बघते. रक्त एकदम फर्स्ट क्लास फिरतंय. काय गं मैत्री?"

"हो," मैत्री म्हणाली. तिला फार अभिमान वाटला.

त्याच सुमारास सगळ्या वस्तीला एक नवल वाटायला लागलं होतं. दशरथ पोस्टमन म्हणजे मुलखाचा घुमा माणूस, पत्र हातात देणार आणि चालू पडणार. पण हल्ली तो बोलका झाला होता. शिंप्याच्या दुकानाशी थांबून पावसापाण्याचं बोलायचा, मेडिकलपाशी थांबून पोराबाळांची चौकशी करायचा, मग पुढच्या फाटकाशी पुन्हा गप्पा. रिटायरमेंट जवळ आली की माणूस मवाळ होतो, असं लोकांनी ठरवून टाकलं. प्रेमलालाही बरं वाटलं.

प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मॅडमनी वर्गाला लॅबमध्ये गोळा केलं. पाय तपासणं अजून बाकी कोणालाच धड जमत नव्हतं. "आमच्या पायवाल्या बाई कुठायत?" त्या म्हणाल्या. "या पुढे. दाखवा सगळ्यांना."

चाळीस मुलींच्या समोर मैत्री पुढे झाली. तिनं पडदा ओढला, नाव सांगितलं, हात चोळले. "बाबुराव, मी तुमचा पाय बघू का?" मग तिनं त्या गार, गुळगुळीत पावलावर दोन बोटं ठेवली आणि नेहमीसारखी दाबली. नाडी लागली. नेहमीसारखीच, जोरकस. तिला हायसं वाटलं. एवढ्या जणींसमोर लाज राखली गेली.

"नाडी लागतेय मॅडम. जलद आहे, पण नियमित आहे."

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "नियमित आहे ना? बरं झालं. कंपनीला कळवायला हवं. त्यांनी बिचाऱ्यांनी बाबुरावांना मनगटात नाडी दिलीय, मानेत दिलीय. पायात त्यांनीही दिली नव्हती."

मग जो हशा पिकला तो थांबेना. निकितानं तर भिंतीला डोकं टेकलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मैत्रीचा हात धरला आणि तिची बोटं शेजारच्या टेबलावर ठेवली. "दाब. नेहमी दाबतेस तशी. आता टेबलाची बघ."

मैत्रीनं दाबलं. टेबलालाही नाडी होती.

"ही तुझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तू घाबरलेली असतेस, छातीत धडधडत असतं, आणि तू बोटं गच्च दाबतेस. मग तुझ्याच बोटांतली नाडी तुला लागते. समोरच्याची खरी नाडी असली तरी इतक्या दाबानं ती बंद होते. बोटं दाबायची नाहीत, नुसती ठेवायची, पाण्यावर ठेवल्यासारखी. आणि शंका आली तर दुसऱ्या हातानं स्वतःच्या मानेवरची नाडी धर. दोन्ही एकदम पडत असतील तर खूश होऊ नकोस." मग वर्गाकडे वळून, "हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या जणी हेच करणार आहेत. ही निदान खरं बोलली."

पण मैत्रीला त्यातलं शेवटचं काहीच ऐकू आलं नाही. हशाही ऐकू आला नाही. तिच्या डोळ्यांपुढे एक पाय आला होता, आणि तो बाबुरावांचा नव्हता.

सगळे रविवार. ते सगळे रविवार तिनं वडिलांच्या पायावर बोटं दाबून स्वतःचीच नाडी मोजली होती आणि त्यांना म्हणाली होती, मस्त आहे. नाडी लागली एवढ्यावरच ती इतकी खूश व्हायची की पुढचं काही बघायचीच नाही. पाऊल गार आहे की गरम, बोटांच्या बेचक्यात काय आहे, टाच कशी आहे. कधीच नाही. आणि तिच्या त्या एका शब्दावर पप्पा दवाखान्यात गेले नव्हते.

लॅबच्या बाहेर येऊन तिनं फोन लावला. "पप्पा, पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय?" दशरथराव हसत म्हणाले. "ते तू सांगायचं ना, सिस्टर."

तिनं फोन ठेवला आणि तास सोडून बस पकडली. आजवर तिनं एकही तास बुडवला नव्हता. आज मॅडम काय म्हणतील हेही तिच्या मनात आलं नाही. हडपसरला बसच्या गर्दीत उभी राहून तिनं खांब धरला तर खांबालाही नाडी लागली. तिनं दचकून हात काढला. शुगरवाल्या माणसाच्या पायात रक्त पोचलं नाही की काय होतं, हे पुस्तकात फोटोंसकट होतं. तिनं ते धडे परीक्षेसाठी पाठ केले होते. आता एकेक फोटो तिला आठवायला लागला, आणि प्रत्येक फोटोतला पाय तिच्या ओळखीचा व्हायला लागला.

अप्परला उतरून ती चढाला लागली तेव्हा ऊन कलत होतं. पुढे थोड्या अंतरावर वडील सायकल हातात धरून चालत होते. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दशरथराव शिंप्याच्या दुकानाशी थांबले. शिंप्याशी दोन शब्द बोलले. बोलताना त्यांनी डावा पाय उचलून नुसता टेकवला होता आणि हाताने पोटरी दाबत होते. मग निघाले. मेडिकलपाशी पुन्हा थांबले. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं, तर त्यांनी खिशातला मोबाईल काढून उगाच बघितला. मोबाईलचा स्क्रीन काळाच होता, हे मैत्रीला मागून दिसत होतं. मग थोडं चालून फाटकाशी थांबले.

ते बोलके झालेच नव्हते. त्यांच्यानं चालवत नव्हतं. थोडं चाललं की पोटरी आवळून यायची आणि थांबलं की सुटायची, आणि रस्त्यात उगाच उभं राहायची लाज वाटते म्हणून माणूस बोलत होता. हेही पुस्तकात होतं. मैत्री त्यांच्या मागे लपूनछपून घरापर्यंत गेली. पुढे होऊन सायकल धरायची हिंमत तिला झाली नाही, याचं तिला नंतर कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

घरात शिरल्याबरोबर ती म्हणाली, "पप्पा, मोजे काढा."

"आज काय रविवार आहे?"

"काढा पप्पा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. प्रेमला हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली. दशरथरावांनी मोजे काढले. मैत्रीनं आधी नुसतं पाहिलं, जसं सुरुवातीलाच शिकवलं होतं आणि तिनं कधी केलं नव्हतं. डावं पाऊल उजव्यापेक्षा फिकट होतं, कातडी तुकतुकीत ताणलेली, बोटांवरचे केस गेलेले. तिनं पालथा हात लावला. उजवं कोमट होतं. डावं बाबुरावांसारखं गार होतं. मग तिनं बोटं एकेक करून विलगली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात जखम होती. कडेनं काळी पडलेली.

"हे केव्हाचं?"

"काय?" दशरथरावांनी वाकून पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शुगरनं पायाची जाणीव कमी होते, बूट लागलेलाही कळत नाही.

तिनं बोटं पावलावर ठेवली. नुसती ठेवली. हात स्थिर राहावा म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. काही नाही. थोडं सरकून. काही नाही. घोट्यामागे. तिथेही काही नाही. तिला वाटलं, थोडं दाबावं. दाबलं असतं तर लागली असती, नेहमीसारखी, आणि क्षणभर सगळं ठीक झालं असतं. तिनं दाबलं नाही.

"पप्पा, आत्ता दवाखान्यात जायचं. आत्ता."

"अगं, चार दिवसांपूर्वी तर म्हणालीस, घोड्यासारखी पळतेय." दशरथराव अजून हसण्यावारी नेत होते. "चार दिवसांत कुठं पळून गेली?"

"ती माझी होती," मैत्री म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी जोरात दाबायचे आणि मला माझीच लागायची. तुमची मला एकदाही लागली नव्हती पप्पा. मी चुकीचं सांगत होते. प्रत्येक वेळी चुकीचं सांगितलं."

दशरथरावांनी आपल्या पायाकडे पाहिलं. जणू ती कोणी चुकीच्या पत्त्यावर टाकलेली वस्तू होती. मग त्यांनी प्रेमलाकडे पाहिलं. ती कणकेचे हात धुवायला आत गेली आणि पिशवी घेऊनच बाहेर आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पावलावर जेल लावून पेनाएवढं एक यंत्र फिरवलं. उजव्या पायावर धरलं तेव्हा त्यातून रक्त धावल्याचा सपसप आवाज आला. डाव्यावर नुसती खरखर. डॉक्टर यंत्र वर वर सरकवत गेले तेव्हा कुठे गुडघ्यामागे आवाज सापडला. मैत्री भिंतीला टेकून उभी होती.

"करंगळी वाचणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तवाहिनी उघडून बघू. उघडली तर पाय वाचेल."

"आणि नाही उघडली तर?" प्रेमलानं विचारलं. डॉक्टरांनी उत्तर द्यायला वेळ लावला, आणि तेवढ्यात तिघांनाही उत्तर कळलं. पोस्टमनचा पाय. मैत्रीला दुसरं काही सुचेना.

बाहेर बाकावर बसून तिनं मॅडमना फोन केला. परीक्षेला येता येणार नाही एवढंच सांगायचं होतं, पण सगळंच सांगून टाकलं, रडत रडत, उलटसुलट. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "परीक्षा पुढे देता येते. आज नाडी नाही म्हणालीस ना? बाबुरावांच्या पायातही नाडी सापडलेल्या मुलीला ते म्हणणं सोपं नव्हतं." थोडं थांबून पुन्हा, "रडून झालं की तोंड धुऊन घे. वडिलांना तुझं तोंड दिसतं." त्या इतक्या हळू बोलल्या की त्यात टोमणा होता की नव्हता हे मैत्रीला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडीतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न झाला. त्याच वेळी काळी पडत चाललेली करंगळीही काढली. दशरथरावांना खोलीत आणलं तेव्हा दुपार झाली होती. पाऊल पट्टीत गुंडाळलेलं, वरचा थोडा भाग उघडा ठेवलेला. डॉक्टर म्हणाले होते, पावलात रक्त उतरलंय असं वाटतंय, पण टिकतंय का ते बघावं लागेल. 'वाटतंय' या शब्दाला मैत्री धरूनही बसली होती आणि त्याच शब्दाला भीतही होती.

वॉर्डची सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे अडकली होती. प्रेमला खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. मैत्री पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिला त्या पायाला हात लावायचा नव्हता. नाही लागली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, लागली तर? आता स्वतःच्या बोटांवर तिचा कणभरही विश्वास उरला नव्हता.

दशरथरावांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत राहिले, मग पायाकडे.

मैत्रीनं पडदा ओढला. हात चोळून गरम केले. घरी इतक्या रविवारी तिनं जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. "पप्पा, मी तुमचा पाय बघू का?"

"बघा, सिस्टर," दशरथराव म्हणाले. आवाज खोल गेला होता.

तिनं पट्टीच्या वर, उघड्या भागावर बोटं ठेवली. पाण्यावर ठेवल्यासारखी. पाऊल कोमट होतं. काही लागेना. तिनं बोटं जराशी सरकवली. काही लागेना. पुन्हा सरकवली, आणि खाली काहीतरी हललं. अगदी बारीक. मग पुन्हा.

छातीत इतकं धडधडायला लागलं की कानात आवाज यायला लागला. झालं, ही पुन्हा माझीच, तिला वाटलं. तिनं डावा हात उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला.

मानेवरची नाडी पळत होती. भित्र्या मुलीची नाडी, कुकरच्या शिट्टीला पळायची तशीच. आणि उजव्या हाताच्या बोटांखाली दुसरी कोणीतरी सावकाश चालत होती. तिची दोन पावलं पडून जायची तेव्हा कुठे हिचं एक पडायचं. मैत्री बराच वेळ दोन्ही ऐकत उभी राहिली. दोघींचा मेळ कुठेच बसेना. आज ती इतकी घाबरली नसती तर दोन्ही कदाचित सारख्याच वाटल्या असत्या आणि तिची खात्री पटली नसती.

दशरथराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना हसू आणायचं होतं, पण जमलं नाही. "लागली?" त्यांनी विचारलं. मग घाबरत घाबरत, "कुणाची?"

मैत्रीनं मानेवरचा हात काढला नाही, पायावरचाही नाही.

"तुमची, पप्पा," ती म्हणाली.